खोक्यात भरून आणलेली गाडी बापलेकाने जोडली आणि तिथूनच मॅक्लारेनची गोष्ट सुरू झाली

घरामागच्या शेडमध्ये एक गडी लोखंडी पाइपांचा सांगाडा मांडून बसलाय. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत. पुढच्या रीलमध्ये त्याच सांगाड्यावर पत्रा चढतो, आणि काही महिन्यांनी ती गाडी रस्त्यावर धावायला लागते.

असली रील तुमच्याही मोबाईलवर कधीतरी येऊन गेली असणार. बघायला भारी वाटतं. पण बघून झाल्यावर एक प्रश्न पडतोच, की असल्या घरगुती खटाटोपातून पुढे काही होतं का?

होतं. फॉर्म्युला वनमध्ये पपईच्या रंगाच्या गाड्या पळवणारी मॅक्लारेन तुम्हाला माहितीच असेल. २०२४ साली फॉर्म्युला वनचं टीमचं विजेतेपद त्यांनीच मारलं. कोट्यवधी रुपयांच्या सुपरकारवरही हेच नाव असतं. या सगळ्याची सुरुवात न्यूझीलंडमधल्या एका गॅरेजात झाली, आणि तीही सुट्या भागांच्या खोक्यांपासून.

ती खोकी उघडणाऱ्या पोराचं नाव ब्रूस मॅक्लारेन. आज त्याचीच गोष्ट.

पलंगाला खिळलेला पोरगा

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातला. वडील लेस मॅक्लारेन यांचं शहरातल्या रेमुएरा भागात सर्व्हिस स्टेशन होतं. म्हणजे पेट्रोल पंप आणि गॅरेज दोन्ही एकत्र. वडिलांना स्वतःला शर्यतींचा नाद. त्यामुळे ग्रीस, पाने आणि इंजिनाचा आवाज यातच ब्रूसचं बालपण गेलं.

नऊ वर्षांचा असताना तो लंगडायला लागला. डॉक्टरांनी निदान केलं, पर्थेस डिसीज. यात मांडीच्या हाडाचा खुब्यात बसणारा गोळा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे झिजायला लागतो. आज यावर बरेच उपाय आहेत. तेव्हा मात्र एकच इलाज होता. पायावर वजन पडू द्यायचं नाही, आणि पाय ताणून बांधून महिनोन्महिने झोपवून ठेवायचं.

ऑकलंडच्याच एका संस्थेत अशा मुलांना ठेवत. ब्रूसने तिथे दोन वर्षांच्या आसपास काढली. पुन्हा चालता येईल की नाही, याचीच खात्री नव्हती. पण पोरंच ती. ज्या पलंगांवर त्यांना बांधून ठेवलं होतं त्यांना चाकं होती, आणि संधी मिळाली की पोरं त्या पलंगांच्याच शर्यती लावायची, असं सांगतात.

ब्रूस बरा झाला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला तो कायमचाच. मैदानी खेळ सुटले. रग्बी म्हणजे जीव की प्राण असलेल्या देशात लंगडणाऱ्या पोराने करायचं काय?

११० पौंडांचं भंगार

अशातच वडिलांनी एक गाडी विकत घेतली. गाडी म्हणायचं ते फक्त नावाला. १९२९ ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर, पूर्ण खोललेली, अर्धीअधिक खोक्यांमध्ये भरलेली. किंमत ११० पौंड. बेत असा होता की जोडायची, चालू करायची आणि नफा काढून विकून टाकायची.

ऑस्टिन सेव्हन ही मुळात इंग्लंडची गरिबांची गाडी. १९२२ साली बाजारात आली. इंजिन ७४७ सीसीचं, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. अल्स्टर हे तिचंच शर्यतीचं रूप. खुटखुटीत, बुटकं, दोघांपुरतं आणि अंगावर ॲल्युमिनियमचा हलका पत्रा.

या गाडीची गंमत अशी की तिची चॅसी आणि बॉडी वेगवेगळी. वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली इंजिन, गिअरबॉक्स, चाकं असं सगळं जागेवर राहतं आणि गाडी चालतेसुद्धा. मग त्या चॅसीवर तुम्ही हवी ती बॉडी चढवा. त्यामुळे इंग्लंडपासून न्यूझीलंडपर्यंत हजारो हौशी लोकांनी जुन्या ऑस्टिन सेव्हन घेऊन घरच्या घरी आपापल्या गाड्या बनवल्या. अशा घरगुती गाडीला स्पेशल म्हणायचे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये बनवलेली पहिली गाडीही ऑस्टिन सेव्हनवरच बेतलेली होती, आणि तीही मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात.

न्यूझीलंडमध्ये तर घरी बनवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. १९३८ पासून तिथे आयातीला परवाना लागायचा. परदेशी गाडी मिळणं मुश्कील, तिचे पार्ट मिळणं त्याहून मुश्कील. आपल्याकडच्या लायसन्स राजसारखीच तऱ्हा. मग पार्ट मोडला की नवा मागवायचा नाही. तोच वेल्ड करायचा, घासायचा, परत बसवायचा. नाहीतर दुसऱ्या गाडीचा बसतोय का बघायचा. तिथल्या एका अख्ख्या पिढीच्या हातात हे कसब आलं ते असं.

बापलेकाने खोकी उघडली. कित्येक महिने खपून गाडी जोडली. कुठला नट कुठे जातो, कुठला पार्ट झिजलाय, कुठला अजून चालेल, हे ब्रूस त्या गाडीच्या अंगाला हात लावून शिकला. गाडी उभी राहिली. वडिलांनी चालवून पाहिली, तर ब्रेक भरवशाचे नाहीत आणि स्टिअरिंगही तसंच. विकून टाकायचा विचार पक्का होत होता. पण पोरगं हटून बसलं. शेवटी गाडी घरातच राहिली.

लायसन्स मिळायच्या आधी ब्रूस ती घराच्या आवारात झाडांना वळसे घालत चालवायचा. मग ऑकलंडजवळच्या मुरिवाईला घाटातली शर्यत झाली, तिथे तो अल्स्टर घेऊन उतरला. वय चौदा-पंधरा. आपल्या गटात पठ्ठ्या पहिला आला.

मैदानावर जे पाय साथ देत नव्हते, ते पेडलवर व्यवस्थित चालत होते.

युरोपचं तिकीट

पुढची काही वर्षं ब्रूस एकीकडे इंजिनिअरिंग शिकत होता आणि दुसरीकडे शर्यती मारत होता. अल्स्टरनंतर फोर्डची स्पेशल आली, मग ऑस्टिन-हिली, मग कूपर. दर वेळी गाडी घ्यायची, खोलायची, सुधारायची आणि पळवायची, हेच चक्र.

१९५८ मध्ये न्यूझीलंडच्या रेसिंग संघटनेने एक योजना आणली. दरवर्षी एका होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवायचं. पहिलाच मान ब्रूसला मिळाला. शिक्षण अर्धवट टाकून वीस वर्षांचा पोरगा इंग्लंडला निघाला.

तिथे तो सर्बिटनला कूपर कंपनीत गेला. कूपर म्हणजे तेव्हाची क्रांतिकारक मंडळी. इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवून त्यांनी सगळ्या शर्यतींचा नकाशा बदलला. पण कारखाना म्हणावा तर एखादं मोठं गॅरेजच. तिथे ड्रायव्हरनेही हात काळे करायचे असा रिवाज होता. ब्रूसला तयार गाडी मिळाली नाही. स्वतः राबून त्याने ती जोडून घेतली. हे काम तर तो तेराव्या वर्षापासून करत आला होता.

त्याच वर्षी जर्मन ग्रां प्रीत फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला वनच्या गाड्या एकत्र पळाल्या. ब्रूस लहान इंजिनाच्या फॉर्म्युला टू गाडीत होता. एकूणात पाचवा आला आणि फॉर्म्युला टूमध्ये पहिला. न्यूझीलंडचं हे पोरगं कोण, असं लोक विचारायला लागले.

१२ डिसेंबर १९५९. अमेरिकेत सेब्रिंगला मोसमातली शेवटची शर्यत होती. कूपरचाच जॅक ब्रॅबहॅम पुढे होता, पण अगदी शेवटी त्याचं पेट्रोल संपलं. मागून आलेला ब्रूस जिंकला. वय २२ वर्षं १०४ दिवस. अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत सोडली, तर इतक्या लहान वयात जागतिक स्पर्धेतली ग्रां प्री कुणी जिंकलेली नव्हती. हा विक्रम मोडला २००३ मध्ये, फर्नांडो अलोन्सोने.

पुढच्याच वर्षी ब्रूस जागतिक स्पर्धेत दुसरा आला. पैसा, नाव, चांगली गाडी, सगळं हाताशी होतं. पण गड्याचं मन रमत नव्हतं. कारण गाडी दुसऱ्याची होती.

मातीच्या जमिनीवरचा कारखाना

१९६३ मध्ये ब्रूसने स्वतःची टीम काढली. ब्रूस मॅक्लारेन मोटर रेसिंग. नाव दमदार, पण माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वॉली विलमॉट आणि टायलर अलेक्झांडर हे मेकॅनिक, आणि अमेरिकन ड्रायव्हर टिमी मेयर.

सुरुवातच अशुभ झाली. फेब्रुवारी १९६४ मध्ये टास्मानियातल्या लाँगफर्डला सराव करताना टिमी मेयरचा अपघात झाला आणि तो जागीच गेला. टीम तिथेच संपली असती. पण ब्रूसने काम चालू ठेवलं आणि टिमीचा भाऊ टेडी मेयर पुढे टीममध्ये आला. टेडी शिकलेला होता वकिली, पण पुढची अनेक वर्षं मॅक्लारेनचा कारभार त्यानेच ओढला.

लंडनजवळ न्यू मॉल्डनला एक शेड मिळाली. खाली फरशी नाही, नुसती माती. शेजारी रस्ते सपाट करायचं भलंमोठं मशीन उभं. आजच्या मॅक्लारेनचा चकाचक काचेचा कारखाना पाहिला, तर त्याचा खापरपणजोबा ही शेड होती यावर विश्वास बसत नाही.

या शेडमध्ये एक गाडी आली. तिचं नाव झेरेक्स स्पेशल.

या गाडीचा इतिहासही भंगारातलाच. मूळची ती कूपरची फॉर्म्युला वन गाडी. १९६१ च्या अमेरिकन ग्रां प्रीत तिचा अपघात झाला. तो सांगाडा रॉजर पेन्स्के या अमेरिकन ड्रायव्हरने घेतला, त्यावर रुंद बॉडी चढवली आणि तिची स्पोर्ट्सकार केली. १९६४ मध्ये ब्रूसने ती विकत घेतली आणि आहे त्या इंजिनावर एकदोन शर्यती जिंकल्यासुद्धा.

पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याला तिच्यात अमेरिकेचं ओल्ड्समोबिलचं व्ही-८ इंजिन बसवायचं होतं. घोडं अडलं ते सांगाड्यापाशी. इतकी ताकद त्या मोडूनजोडून केलेल्या चॅसीला झेपणार नव्हती. मग त्याने सरळ गाडीचा मधला भाग कापून टाकला. पुढचं आणि मागचं सस्पेन्शन ठेवलं, आणि मध्ये पाइपांचा नवा सांगाडा जोडला.

पाइप जोडणं म्हणजे नुसत्या ठिणग्या नव्हेत

आता इथे जरा थांबू. कारण घरी गाडी बनवणाऱ्या प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं.

चार पाइप जोडून चौकोन केला आणि एका कोपऱ्याला धरून ढकलला, तर तो वाकडा होतो. पण त्यात एक तिरका पाइप टाकला की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण सहजासहजी वाकत नाही. जुन्या लाकडी फाटकावर तिरकी पट्टी मारलेली असते ती याचसाठी. पाइपांच्या रेसिंग चॅसीचं सगळं गणित या तिरक्या पाइपांचं आहे. तो कुठे टाकायचा आणि कुठला काढून वजन वाचवायचं, यात कस लागतो.

दुसरी अडचण उष्णतेची. वेल्डिंग करताना धातू तापतो, फुगतो आणि थंड होताना आक्रसतो. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात, तर सरळ मांडलेला सांगाडा थंड होईपर्यंत वेडावाकडा झालेला असतो. म्हणून कसलेला फॅब्रिकेटर आधी सगळीकडे नुसते टाके मारतो. मापं परत तपासतो. मग थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला, असं करत जोड पूर्ण करतो. चॅसी दोन-चार मिलिमीटर जरी फिरली, तरी चारही चाकं जमिनीला सारखी टेकत नाहीत.

त्या काळच्या ब्रिटिश रेसिंग वर्कशॉपमध्ये पातळ पाइप बऱ्याचदा ब्राँझने जोडत. ब्राँझ पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळतो. त्यामुळे पाइप न वितळवता जोड बसतो आणि पाइपाची ताकद टिकते.

बॉडीचं काम तर आणखी नाजूक. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो वितळायला २,००० अंश लागतात. त्यामुळे नवशिक्या वरचा थर फोडायला जातो आणि खालचा पत्रा वितळून भोक पडतं. म्हणून असे पत्रे पुष्कळदा रिव्हेट मारून आणि चिकटवून जोडतात.

तर न्यू मॉल्डनच्या शेडमध्ये हे सगळं घाईघाईत चाललं होतं, कारण जूनमध्ये कॅनडातल्या मॉसपोर्टला शर्यत होती. सायलेन्सर आणि एक्झॉस्टची नीट मांडणी करायलाही वेळ नव्हता. मग आठ सिलिंडरचे आठ आखूड पाइप सरळ वर काढले. रंग संपला म्हणून जो मिळाला तो, बागेच्या फाटकाला लावतात तसला हिरवा रंग फासला, असा किस्सा टीमची माणसं पुढे सांगत राहिली. गाडीला नाव पडलं जॉली ग्रीन जायंट.

ही जुगाड गाडी मॉसपोर्टला गेली आणि जिंकली.

तिच्यावर मॅक्लारेनचं नावही नव्हतं, कारण ब्रूस तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये कूपरचा ड्रायव्हर होता. पण त्या शेडमधून पुढे जे काही निघालं, त्याची खरी सुरुवात हीच. त्याच वर्षी मॅक्लारेनच्या नावाने पहिली स्पोर्ट्सकार आली, एम-वन-ए.

विमानाचा पत्रा, बाल्साचं लाकूड

ब्रूसचं वेगळेपण इथून पुढे दिसतं. शेडमध्ये शिकलेला माणूस शेडमध्येच अडकून पडत नाही, हे त्याने दाखवलं. त्याने रॉबिन हर्ड या इंजिनिअरला बोलावलं. हर्ड आधी काँकर्ड विमानाच्या कामावर होता. त्याने येताना मॅलाइट नावाचा प्रकार आणला. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड, असं ते सँडविच. वजनाला हलकं आणि कमालीचं ताठ.

१९६६ मध्ये मॅक्लारेनची पहिली फॉर्म्युला वन गाडी मोनॅकोला उतरली, ती मॅलाइटची. सांगाडा उत्तम होता, पण इंजिन जड आणि कुचकामी निघालं. गोलाई द्यायला गेलं तर मॅलाइट वाकायलाही तयार नसायचं. त्या वर्षी ब्रिटिश ग्रां प्रीत सहावा नंबर आला आणि टीमचा पहिला गुण मिळाला.

तुम्ही फोर्ड व्हर्सेस फेरारी हा सिनेमा पाहिला असेल, तर हेच ते वर्ष. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत फोर्डच्या तीन गाड्या एकत्र रेषेवर आणायचा घाट घातला गेला आणि केन माइल्सचा विजय हुकला. ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन सुरुवातीला थोडे मागून निघाले होते, म्हणजे त्यांनी अंतर जास्त कापलं, असा हिशोब लागला. विजेते ते ठरले. सिनेमात ज्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही, तो हा आपला गडी.

९ जून १९६८ ला बेल्जियममध्ये स्पाला खरी मजा झाली. शेवटच्या टप्प्यात जॅकी स्टुअर्टचं पेट्रोल संपलं आणि ब्रूस पुढे निघून गेला. आपण जिंकलोय हे त्याला गाडी थांबल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. स्वतःचं नाव असलेल्या गाडीत ग्रां प्री जिंकणारा ब्रॅबहॅमनंतरचा तो दुसरा माणूस.

अमेरिका आणि कॅनडात कॅन-ॲम नावाची स्पर्धा चालायची. तिथे इंजिनाच्या आकाराला मर्यादाच नव्हती. ब्रूस आणि त्याचाच देशबांधव डेनी हल्म यांनी तिथे धुमाकूळ घातला. १९६९ मध्ये ११ शर्यती झाल्या आणि अकराच्या अकरा मॅक्लारेनने जिंकल्या.

एवढं सगळं चालू असताना ब्रूसला आणखी एक स्वप्न पडत होतं. रस्त्यावर चालवता येईल अशी मॅक्लारेन. कॅन-ॲमच्या गाडीवर त्याने बंद बॉडी चढवली, तिला एम-सिक्स-जीटी म्हणायचे. नंबरप्लेट लावून तो ती घरून कामाला जातायेता साध्या रस्त्यावर चालवायचा. गाडी पास करून घेतलेला तो पहिला ग्राहक आणि टेस्ट ड्रायव्हरही तोच.

२ जून १९७०

१९७० च्या कॅन-ॲममध्ये नियम बदलला. आदल्या वर्षी गाडीच्या मागे उंच खांबांवर पंख असायचा, हवेच्या दाबाने चाकं जमिनीला चिकटवून ठेवायला. तो सस्पेन्शनवर बसवलेला असे. असे उंच पंख बंद झाले. म्हणून नव्या एम-एट-डी गाडीला मागच्या बॉडीवरच दोन उभे कल्ले काढले आणि त्यांच्यामध्ये पंख बसवला. कल्ल्यांमुळे लोक तिला बॅटमोबिल म्हणायला लागले.

मोसम तोंडावर होता. डेनी हल्मचे हात मे महिन्यात इंडियानापोलिसला आगीत भाजले होते. इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवुडच्या ट्रॅकवर ब्रूस स्वतः चाचणी घेत होता. असल्या चाचण्या त्याने शेकड्याने केल्या असतील. एक फेरी मारायची, पिटमध्ये यायचं, काहीतरी कमीजास्त करायचं, परत निघायचं.

दुपारी लॅव्हंटच्या सरळ पट्ट्यावर गाडी पूर्ण वेगात असताना मागची बॉडी सुटली.

रस्त्यावरच्या गाडीची डिकी उघडी राहिली तर फार तर आवाज होतो. इथे मात्र मागच्या चाकांना जमिनीवर दाबून धरणारी सगळी हवा त्या बॉडीवर खेळत होती. ती सुटली तशी मागची पकड क्षणात गेली. गाडी गर्रकन फिरली आणि ट्रॅकच्या कडेला मार्शलांसाठी केलेल्या बांधावर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. मागे पत्नी पॅट आणि लहानगी मुलगी अमांडा.

तेराव्या वर्षापासून ज्याने गाडीचा एकेक जोड हाताने तपासला, त्याचा जीव एका सुटलेल्या भागाने घेतला. इंजिन ठीक होतं, ड्रायव्हिंगमध्येही खोट नव्हती. सुटली ती बॉडी. घरच्या शेडमध्ये असो की कारखान्यात, गाडी बनवणाऱ्यांनी ब्रूसच्या आयुष्यातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ही.

दुसऱ्या दिवशी

टेडी मेयरने माणसांना सुट्टी दिली, तरी दुसऱ्या दिवशी जवळपास सगळे कामावर हजर झाले, असं टीममधले लोक सांगत आले आहेत. बारा दिवसांनी, १४ जूनला, मॉसपोर्टला शर्यत होती. तीच मॉसपोर्ट, जिथे सहा वर्षांपूर्वी ती हिरवी गाडी जिंकली होती.

ब्रूसच्या जागी अमेरिकेचा डॅन गर्नी बसला. भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून डेनी हल्मही उतरला. गर्नी पहिला आला, हल्म तिसरा. त्या वर्षीचं कॅन-ॲमचं विजेतेपद हल्मनेच मिळवलं. १९७४ मध्ये मॅक्लारेनला फॉर्म्युला वनचं टीमचं पहिलं जगज्जेतेपद मिळालं. ज्या वर्षी कुलूप लागलं असतं, तिथून चार वर्षांत टीम शिखरावर पोचली.

मालक गेल्यावर कंपनी बुडाल्याची उदाहरणं आपण भरपूर पाहतो. ही का बुडाली नाही? कारण ब्रूसने एकट्याच्या डोक्यावर चालणारी कंपनी केलीच नव्हती. तो स्वतः झाडू मारायचा, पाइप कापायचा, मेकॅनिकच्या शेजारी जमिनीवर बसून काम करायचा. आपल्याला जे येतं ते त्याने दुसऱ्यांच्या हातात दिलं होतं. त्यामुळे तो गेला तरी काम करणारे हात तिथेच होते.

ऑकलंडला ब्रूसची समाधी आहे. आणि ती खोक्यातून आलेली ऑस्टिन सेव्हन अल्स्टर? ती आजही आहे. इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅक्लारेनच्या मुख्यालयात, जगज्जेत्या गाड्यांच्या रांगेत तिला ठेवलंय. ७४७ सीसीची, बुटकी, बापाने विकायला काढलेली.

पुढच्या वेळी गाडी बनवणाऱ्याची एखादी रील समोर आली, तर ठिणग्या बघाच. पण वेल्डिंग झाल्यावर तो गडी हातोडी मारून जोड तपासतोय का, प्रत्येक क्लिप ओढून बघतोय का, तेही बघा. तसं करताना दिसला, तर समजा काम शिकलेल्या माणसाच्या हातात आहे.